आधी तारीख, मग तिकीट : पोर्ट ऑफ स्पेनला जाण्यापूर्वी

पोर्ट ऑफ स्पेन हे नाव मराठी घरांत ओळखीचं झालं ते क्रिकेटमुळे. ६ मार्च १९७१ रोजी तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर कसोटी सुरू झाली आणि मुंबईचा एकवीस वर्षांचा सुनील गावसकर पहिल्यांदाच भारताकडून खेळायला उतरला. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी त्या सामन्यात शतक ठोकलं आणि अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत प्रथमच हरवलं. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना त्या मालिकेचे आकडे आजही तोंडपाठ आहेत. पण ते मैदान ज्या शहरात आहे ते शहर कसं आहे, तिथे जायचं तर काय तयारी लागते, याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.

कॅरिबियन म्हटलं की पांढरी वाळू, निळंशार पाणी आणि नारळाखाली टाकलेली आरामखुर्ची डोळ्यांपुढे येते. त्रिनिदाद-टोबॅगोची ही राजधानी त्या चित्रात बसत नाही. शहराला चौपाटी नाही. समोर आहे ते पारियाचं आखात : उथळ, गाळाचं, पलीकडच्या व्हेनेझुएलातून येणाऱ्या ओरिनोको नदीच्या पाण्याने मातकट झालेलं. देशाचं पोट तेल आणि नैसर्गिक वायूवर चालतं, त्यामुळे पाहुण्यांसाठी नटूनथटून बसण्याची गरज या शहराला कधी भासली नाही. बंदर, कचेऱ्या, बाजार, शाळा असं ते आपल्या कामात असतं. रंगात येतं ते वर्षातल्या ठरावीक दिवशी आणि दिवसातल्या ठरावीक वेळी. म्हणून मी म्हणतो, इथे जायचं तर विमानाचं स्वस्त तिकीट शोधत बसू नका. आधी तारीख पक्की करा.

सर्वांत मोठी तारीख अर्थातच कार्निव्हलची. ख्रिस्ती पंचांगातल्या ‘अ‍ॅश वेन्सडे’च्या आदले दोन दिवस, सोमवार आणि मंगळवार, हा कार्निव्हल असतो. ईस्टर पुढेमागे होतो तसा तोही सरकतो. २०२७ मध्ये तो ८ आणि ९ फेब्रुवारीला येईल. सोमवारी पहाटे, अंधार असतानाच ‘जूव्हे’ सुरू होतं : अंगाला चिखल, रंग, कोको फासलेली माणसं गाण्यांच्या ट्रकांमागून नाचत निघतात. मंगळवारी पिसांचे आणि मण्यांचे पोशाख घातलेली पथकं शहरातल्या सव्हाना मैदानाच्या मंचावरून जातात. पथकात सामील व्हायचं तर पोशाखासाठी नाव काही महिने आधी नोंदवावं लागतं. या दिवसांत हॉटेलांचे दर कित्येक पटींनी चढतात आणि बरेच हॉटेलवाले चार-पाच रात्रींपेक्षा कमी मुक्काम घेतच नाहीत.

गर्दीचं वावडं असेल तर मात्र कार्निव्हलच्या दोन-तीन आठवडे आधी जा. माझ्या मते तोच काळ सर्वांत चांगला. त्या दिवसांत शहरातल्या ‘पॅनयार्ड’मध्ये स्टीलपॅन वाद्यवृंदांच्या तालमी जोरात चाललेल्या असतात. संध्याकाळी जेवून जावं, उघड्या अंगणात कडेला उभं राहावं आणि ऐकावं. मोठ्या पथकात १२० पर्यंत वादक असतात. आठएक मिनिटांची एक रचना महिनाभर घासली जाते. संचालक चार मात्रांचा तुकडा पंधरा-वीस वेळा परत वाजवायला लावतो. आधी नुसता खालचा स्वर देणारी पिंपं, मग मधली, मग वरची सुरावट, आणि अचानक सगळी एकत्र. पायाखालची जमीन थरथरते. ड्यूक स्ट्रीटवरचं ‘ट्रिनिडाड ऑल स्टार्स’चं अंगण त्यासाठी प्रसिद्ध आहे. कार्निव्हलच्या आधीच्या शनिवारी सव्हानावर ‘पॅनोरमा’ या स्पर्धेची अंतिम फेरी होते. स्पर्धेपेक्षा तालमीत या वाद्याची ओळख अधिक चांगली होते, कारण तिथे ते सुटं सुटं करून ऐकायला मिळतं.

हे वाद्य इथेच का जन्मलं, याला कारण आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची ढोल वाजवत निघणारी मिरवणूक ब्रिटिश सत्तेला खुपत होती. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर पोलीस आणि मिरवणूकवाले यांच्यात मोठी चकमक झाली आणि त्यानंतर कायदा करून रस्त्यावरच्या ढोलांवर बंधनं घातली गेली. ढोल गेले, तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. १९३० च्या दशकात बांबूच्या जागी बिस्किटांचे डबे, गाड्यांचे सुटे भाग, रंगाचे डबे आले. डबा ठोकून ठोकून पोचा पडला की त्या जागेचा स्वर बदलतो, हे लाव्हेंतीलसारख्या गरीब वस्त्यांतल्या पोरांच्या ध्यानात आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाची रिकामी पिंपं मुबलक मिळू लागली आणि आजचा पॅन तयार झाला. ज्या वादकांना पोलीस गुंड म्हणून पिटाळत होते त्यांचं हे वाद्य १९९२ मध्ये देशाचं राष्ट्रीय वाद्य ठरलं.

दुसरी तारीख मोहरमची. शहराच्या पश्चिमेला सेंट जेम्स नावाचा भाग आहे. तिथे मोहरमला ‘होसे’ म्हणतात. कागद, बांबू आणि चकाकत्या पन्नीचे उंच ताबूत रात्री रस्त्यावर येतात. दोन मोठे चंद्र, एक तांबडा आणि एक हिरवा, गडी खांद्यावर घेऊन गरगर फिरवतात. पुढे ताशे असतात. रस्त्याच्या कडेला जाळ करून ताशाचं कातडं शेकायचं, बोटाने टिचकी मारून सूर बघायचा आणि पुन्हा गळ्यात अडकवायचा, हे दृश्य पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाला मुळीच परकं वाटणार नाही. ताशा वाजवणारे हिंदू, मुसलमान, आफ्रिकी वंशाचे, सगळेच असतात. कोकणात आणि देशावर जसे गावोगाव हिंदू घरांतले लोक ताबुतांपुढे नाचत, तीच रीत इथे समुद्रापार टिकली आहे. हिजरी वर्षामुळे ही तारीख दरवर्षी मागे सरकते, सध्या ती जूनमध्ये येते.

तिसरी दिवाळी. त्रिनिदादमध्ये तिची सार्वजनिक सुट्टी असते. राजधानीच्या दक्षिणेला चग्वानास गावाजवळ ‘दिवाळी नगर’ हा मेळा दिवाळीच्या आधी नऊ रात्री भरतो. खुद्द दिवाळीच्या रात्री मात्र मेळ्यापेक्षा फेलिसिटीसारख्या खेड्यांत जावं. तिथे बांबू चिरून, वाकवून कमानी करतात आणि त्यांवर ओळीने मातीच्या पणत्या लावतात. कुठल्याही अंगणात थांबलं तर हातात मिठाईची पुडी पडते.

हवामानाचं म्हणाल तर जानेवारी ते मे कोरडा हंगाम आणि जून ते डिसेंबर पावसाळा. हा पाऊस आपल्यासारखा दिवसेंदिवस लागून राहत नाही, बहुधा दुपारी कोसळतो आणि थांबतो. त्रिनिदाद बेटांच्या माळेत अगदी दक्षिणेला असल्याने मोठी चक्रीवादळं बहुतेकदा उत्तरेकडून निघून जातात.

आता कागदपत्रं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण ती बऱ्याच जणांना परतताना कळते. त्रिनिदाद बेट भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत आहे. तिथून भारतात परत येताना पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं, तेही सहा दिवसांपर्यंत. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तिथे आधी नाव नोंदवावं लागतं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. साठी ओलांडलेल्यांनी, अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. म्हणजे निघण्याच्या निदान महिनाभर आधी ही खटपट सुरू करायला हवी.

भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी त्रिनिदादचा आगाऊ व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी त्यांच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडून खात्री करून घ्यावी. खरी अडचण वाटेतली असते. भारतातून थेट विमान नाही. न्यूयॉर्क, मायामी किंवा टोरांटोमार्गे जायचं तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही त्या देशाचा व्हिसा लागतो. युरोपमार्गे जायचं तर प्रत्येक देशाचा नियम वेगळा. अमेरिकेत किंवा कॅनडात मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना मात्र ही सहल सहज जोडता येते, कारण व्हिसा हाताशी असतो आणि न्यूयॉर्कहून पाचेक तासांत विमान पोहोचतं. आणखी एक : लष्करी ‘कॅमोफ्लाज’ नक्षीचे कपडे, टोप्या, पिशव्या घरीच ठेवा. सामान्य माणसाने ते वापरणं तिथे बेकायदा आहे, लहान मुलांच्या चड्डीलासुद्धा सूट नाही.

शहर समजून घ्यायचं तर बंदरापासून सुरुवात करावी. १७५७ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर आतल्या सान होसे गावातून मुक्काम हलवून इथे राहायला आला, तेव्हा हे खारफुटीच्या कडेचं कोळ्यांचं गाव होतं. १७८३ च्या स्पॅनिश फर्मानाने कॅथलिक जमीनदारांना जमिनी देऊ केल्या आणि शेजारच्या बेटांवरून फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह येऊन वसले. १७९७ मध्ये ब्रिटिशांनी बेट घेतलं. स्पॅनिश राज्य, फ्रेंच बोलणारी वस्ती आणि इंग्रज अंमल यांचा हा गुंता आजही रस्त्यांच्या आणि गावांच्या नावांत दिसतो. शेवटचा स्पॅनिश गव्हर्नर चाकोन याने शहरातून वाहणारी नदी उचलून पूर्वेच्या टेकड्यांच्या पायथ्याशी नेली. तो काँक्रीटचा पाट आज ‘ड्राय रिव्हर’ म्हणून ओळखला जातो आणि एरवी त्यात पाण्याची एखादी धारच असते.

समुद्रही असाच मागे हटवला गेला. आज ज्याला इंडिपेंडन्स स्क्वेअर म्हणतात, त्या रुंद रस्त्याच्या मधोमध ब्रायन लाराच्या नावाचा फिरण्याचा चौथरा आहे. एकेकाळी ती किनाऱ्याची रेघ होती. भराव टाकत टाकत शहर पुढे सरकलं. याचा पुरावा बघायचा असेल तर राइटसन रोडजवळचं जुनं दीपगृह शोधा. ठेंगणं, एका बाजूला किंचित कललेलं, चोहोबाजूंनी गाड्यांचा वेढा पडलेलं. धक्क्याच्या टोकाला उभं राहून जहाजांना वाट दाखवणारं हे दीपगृह आता रस्त्याच्या दुभाजकावर येऊन पडलंय. वाहनांच्या गर्दीत त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण या शहराचा भूगोल शिकवायला त्याच्याइतकी चांगली खूण दुसरी नाही. आखात इतकं उथळ की १९३० च्या दशकात खोल धक्का खणला जाईपर्यंत मोठी जहाजं दूर नांगर टाकून उभी राहत आणि माणसं, माल लहान होड्यांतून किनाऱ्यावर येत.

३० मे १८४५ रोजी अशाच एका जहाजातून २२५ भारतीय मजूर इथे पोहोचले. जहाजाचं नाव ‘फतेल रझाक’, निघालं होतं कलकत्त्याहून, प्रवास तीन महिन्यांहून अधिक. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना हात हवे होते आणि पाच वर्षांच्या करारावर भारतातून माणसं नेली जात होती. १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक माणसं त्रिनिदादला आली. जहाजं कलकत्ता आणि मद्रासहून सुटत, मुंबईहून नव्हे, त्यामुळे मराठी मुलूख या वाटेवर आला नाही. इथल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या गाण्यांत आणि जुन्या बोलीत भोजपुरी आहे ती त्यामुळेच. ३० मे हा आज ‘भारतीय आगमन दिन’ म्हणून सुट्टीचा दिवस आहे.

१८६६ पासून ही माणसं आधी उतरत ती शहराच्या पश्चिमेला समुद्रातल्या नेल्सन बेटावर. तिथे तपासणी, नोंदणी, थोडी विश्रांती आणि मग कुठल्या मळ्यावर कोण याची वाटणी होई. बेट इतकं लहान की एका टोकावरून दुसरं दिसतं. पुढे त्याच बेटावर युद्धकाळात युरोपातून पळून आलेल्या ज्यू लोकांना ठेवलं गेलं, कामगार नेता ट्युबल युरायाह बटलरला डांबलं गेलं आणि १९७० च्या ‘ब्लॅक पॉवर’ चळवळीतल्या नेत्यांनाही तिथेच कैदेत ठेवलं. देशाचा नॅशनल ट्रस्ट तिथे होडीतून सहली नेतो. रोज नसतात, ठरावीक दिवशी असतात, म्हणून पोहोचण्यापूर्वीच चौकशी करून जागा धरून ठेवा. मला विचाराल तर या शहरात एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर ते हे असावं. किनाऱ्यावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या मजुरांच्या नोंदवह्या आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, परगणा, उंची, अंगावरची खूण. या नोंदी युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ यादीत २०११ मध्ये घेतल्या गेल्या. चार-पाच पिढ्यांनंतरची माणसं त्यांवरून उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये आपलं गाव शोधत येतात.

बंदरापासून चालत वुडफर्ड स्क्वेअर गाठावा. चौकाच्या एका बाजूला रेड हाउस म्हणजे देशाची संसद. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षानिमित्त जुन्या इमारतीला लाल रंग दिला, त्यावरून हे नाव पडलं. मार्च १९०३ मध्ये पाण्याच्या नव्या वटहुकुमावरून लोक खवळले आणि ती इमारत जाळली गेली. आजची इमारत १९०७ मधली. जुलै १९९० मध्ये सशस्त्र बंडखोरांनी इथे शिरून पंतप्रधानांसह अनेकांना सहा दिवस ओलीस धरलं होतं. पुढे दुरुस्तीचं काम सुरू असताना २०१३ मध्ये पायाखाली स्पॅनिश येण्याच्याही आधीच्या मूळ रहिवाशांच्या अस्थी सापडल्या. संसद पुन्हा इथे भरू लागली ती २०२० मध्ये. समोरच्या चौकातल्या झाडांखाली १९५५ पासून एरिक विल्यम्स हे इतिहासकार हजारोंच्या गर्दीपुढे वसाहतवादाचा इतिहास शिकवीत. लोक त्याला ‘वुडफर्ड स्क्वेअर विद्यापीठ’ म्हणत. हेच विल्यम्स १९६२ मध्ये स्वतंत्र देशाचे पहिले पंतप्रधान झाले. आजही तिथे कुणी ना कुणी उभं राहून राजकारणावर बोलत असतं. पाच मिनिटं थांबून ऐकावं.

सव्हानाला दुपारी जाऊ नका, ऊन लागतं. साडेपाचनंतर जा. मळ्याची ही जमीन १८१७ मध्ये पेशिये कुटुंबाकडून विकत घेऊन शहराला दिली गेली. अडीचशे एकरांहून मोठं मैदान, भोवतीचा वळसा सुमारे साडेतीन किलोमीटरचा आणि त्यावर गाड्या एकाच दिशेने फिरतात. पळणारे, चालणारे, क्रिकेट खेळणारे, शहाळंवाले, मक्याचं कणीस विकणारे, सगळे तिथे भेटतात. पश्चिमेच्या कडेला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेले सात वाडे ओळीने उभे आहेत, एकासारखा दुसरा नाही. त्यांतल्या स्टॉलमेयर यांच्या वाड्याचा तोंडवळा स्कॉटलंडच्या गढीचा आहे. तांबूस मनोऱ्याची इमारत म्हणजे क्वीन्स रॉयल कॉलेज. एरिक विल्यम्स, क्रिकेटवर अजोड लिहिणारे सी. एल. आर. जेम्स आणि नोबेल विजेते व्ही. एस. नायपॉल या शाळेचे विद्यार्थी. नायपॉलच्या वडिलांनी घेतलेलं घर सेंट जेम्सच्या नेपॉल स्ट्रीटवर आहे. त्याच भागात बॉम्बे, कलकत्ता, मद्रास, लखनौ अशा नावांच्या गल्ल्या आहेत.

ओव्हल तिथून जवळच. मागे उत्तरेची डोंगररांग, पुढे हिरवळ. जगातल्या सुंदर मैदानांत ते गणलं जातं, आणि ते योग्यच आहे. गावसकरांनी पदार्पणात इथे ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या. त्याच मालिकेच्या शेवटच्या कसोटीत दाढ ठणकत असताना १२४ आणि २२०. चार कसोटींत ७७४ धावा पाहून लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सो गायकाने त्यांच्यावर गाणं रचलं. पाच वर्षांनी, एप्रिल १९७६ मध्ये, याच मैदानावर भारताने चौथ्या डावात ४ बाद ४०६ करून सामना जिंकला. त्या डावात गावसकर १०२ आणि विश्वनाथ ११२. सामना बघण्याच्या बेताने जाणाऱ्यांनी तिकिटावरचं मैदान नीट वाचावं. हल्ली बरेच सामने दक्षिणेला तारुबा इथल्या ब्रायन लारा मैदानावर होतात.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाला कॅरिबियनमध्ये इतकं सोपं बहुधा दुसरीकडे कुठे जाणार नाही. सकाळी कचेऱ्यांच्या वेळी रस्त्याच्या कोपऱ्यावर पेटी घेऊन डबल्सवाला उभा असतो. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ, तळलेल्या ‘बारा’ आणि त्यांवर छोल्यांची पातळसर उसळ. त्याची बोटं बघण्यासारखी : कागदावर एक बारा, तिच्यावर थोडी सरकवलेली दुसरी, पळीभर उसळ, काकडी, चिंचेची चटणी, तिखट, आणि कागदाची टोकं पिरगाळली की झालं. सगळं मिळून काही सेकंदांत. कोथिंबिरीसारखा वास येतो तो ‘शॅडो बेनी’ या लांब दातेरी पानांचा. तिखट किती, एवढंच तो विचारतो. आपण मिरची खाणारे असा तोरा इथे मिरवू नये. जगातल्या जहाल मिरच्यांपैकी एक, मोरुगा स्कॉर्पियन, याच बेटाची. पहिल्या दिवशी ‘स्लाइट’ म्हणावं. माल संपला की तो पेटी बंद करून निघून जातो, म्हणून दहाच्या आत गाठावा. ‘सहीना’ मागितलीत तर अळूची पानं आणि डाळीचं पीठ यांचा तळलेला प्रकार पुढे येईल. अळूवडीची ही बहीण भोजपुरी माणसांनी सोबत आणली. वाटाण्याच्या डाळीचं पुरण भरलेली धालपुरी रोटी, भोपळा आणि बटाट्याची भाजी घालून गुंडाळून देतात, ती दुपारच्या जेवणाला पुरते.

राहायला वुडब्रुक, सेंट क्लेअर, मारावाल हे भाग किंवा बंदरासमोरची मोठी हॉटेलं. पियार्को विमानतळ शहरापासून पंचवीसेक किलोमीटर पूर्वेला आहे आणि सकाळी त्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. भाड्याच्या गाडीची नंबरपाटी ‘एच’ने सुरू होते, ते बघूनच बसा. खासगी गाडीवाले भाडं मारतात, ते टाळावं. ‘मॅक्सी’ म्हणजे लहान बसगाड्या, त्यांच्या अंगावरच्या पट्ट्याच्या रंगावरून मार्ग कळतो : पिवळा शहराच्या पश्चिमेला, तांबडा पूर्वेला, हिरवा दक्षिणेला. वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात. वीज ११५ व्होल्टची आणि पिना चपट्या अमेरिकन धाटणीच्या. एका अमेरिकन डॉलरला सुमारे पावणेसात तिथले डॉलर मिळतात.

सुरक्षिततेबद्दल स्पष्टच सांगायला हवं. टोळीयुद्धातल्या खुनांमुळे सरकारने २०२४ च्या अखेरीला आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर केली होती. हा हिंसाचार मुख्यतः ठरावीक वस्त्यांत होतो, पण पाहुण्याला सीमारेषा ठाऊक नसतात. बंदराच्या पूर्वेकडचे सी लॉट्स आणि बीथम, ड्राय रिव्हरपलीकडचं लाव्हेंतील, इथे माहितगार माणसाशिवाय जाऊ नये. बाजारपेठेचा भाग कचेऱ्या सुटल्यावर ओस पडतो, तेव्हा अंधार पडायच्या आत तिथून निघावं. सव्हानावरही काळोखात एकट्याने रेंगाळू नये. निघण्यापूर्वी भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना आणि शेजारच्या व्हेनेझुएलासंबंधीच्या बातम्या वाचाव्यात. सत्तरी गाठलेल्या माणसाने मात्र घाबरून बेत रद्द करावा असं मला वाटत नाही. वेळ आणि वाट नीट आखली, ओळखीचा टॅक्सीवाला ठेवला, की दिवस निर्वेध जातात.

शहराबाहेरचे दोन बेत एकाच दिवशी जमतात. दुपारी वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ : सिवदास साधू या ऊसतोड मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर १९४७ मध्ये बांधलेलं देऊळ पाडलं गेलं, त्याला शिक्षा झाली. जमीन कुणाची नसते अशी जागा हवी, म्हणून त्याने सायकलवरून दगडमाती वाहून समुद्रात भर घातली आणि तिथे देऊळ उभारायला घेतलं. १९९० च्या दशकात सरकारने ते पुरं केलं. तिथून परतताना चारच्या सुमाराला करोनीच्या खारफुटीत होडी सुटते. सूर्य कलल्यावर शराटी कुळातले लालभडक ‘स्कार्लेट आयबिस’ थव्याथव्याने झाडांवर उतरतात. खेकडे आणि कोळंबीसारखे जीव खाऊन त्यांच्या पिसांना तो रंग चढतो, पिल्लं करड्या रंगाची असतात. दुर्बीण आणि डासांचं मलम दोन्ही हवं.

वाळूचा किनारा हवाच असेल तर उत्तरेच्या डोंगरापलीकडे माराकास आहे, तासाभराच्या अंतरावर. तो रस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने बांधून दिला, शहराच्या पश्चिमेकडची शाग्वारामासची चौपाटी नाविक तळासाठी घेतली त्याच्या बदल्यात. आणि हाताशी तीन दिवस जास्तीचे असतील तर टोबॅगो. विमान पंचवीस मिनिटांत नेतं, जलद बोटीला चारेक तास लागतात. जाताना बोट वाऱ्याच्या आणि लाटांच्या विरुद्ध चालते, पोटात ढवळतं. म्हणून जाताना विमान घ्यावं आणि येताना बोट. परतीच्या वाटेवर ती उत्तर किनाऱ्याने येते, ‘ड्रॅगनचं तोंड’ नावाच्या सामुद्रधुनीतून आत वळते आणि शाग्वारामासची टोकं, मग पाच लहान बेटं, त्यांतलंच एक नेल्सन, असं करत धक्क्याला लागते. तिकिटासाठी पासपोर्ट लागतो आणि सुट्ट्यांच्या आठवड्यात जागा लवकर भरतात.